केसाहून बारीक रेघ आणि तीस कोटी फेरे

इंजिन खोललंय. पुसून चकचकीत केलेला क्रँकशाफ्ट दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा पडलाय आणि त्याच्या गुळगुळीत जर्नलवर एक रेघ आहे. एकच. उजेड तिरपा पडला की दिसते, सरळ पडला की नाहीशी होते. आता ठरवायचं काय? क्रँक आहे तसा बसवायचा, हलकं पॉलिश मारायचं, की थेट ग्राइंडिंगला धाडायचा?

निव्वळ रेघेकडे बघून हे ठरत नाही. ते ठरतं आकड्यांवरून आणि हे आकडे छाती दडपून टाकणारे आहेत. चला, मोजायला घेऊ. सोबत फक्त आपल्या ओळखीची मापं ठेवू : मुंबई-पुणे अंतर, रेल्वेचे डबे, शेतातली विहीर आणि खिशातला रुपया.

आधी फेरे मोजू.

आपल्या रस्त्यांवर लाखोंनी धावणारं, छोट्या मोटारीतलं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७१.५ मिलिमीटर. पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या वर-खालीचं गोल फिरणं करतो. मुंबई ते पुणे साधारण दीडशे किलोमीटर, वेळ दोन तास. इंजिनाचा वेग मिनिटाला सरासरी २,५०० फेरे धरा. १२० मिनिटं गुणिले २,५००. झाले ३ लाख फेरे! वाशी, खोपोली, लोणावळा, देहूरोड असं करत आपण पुण्यात उतरतो तोवर बॉनेटखाली एक पोलादी दांडा ३ लाख वेळा गरगर फिरलेला असतो. फेऱ्यामागे एक पैसा मजुरी द्यायची ठरवली, तर एका प्रवासाचे ३ हजार रुपये त्याच्या हातावर ठेवावे लागतील.

हा झाला एक प्रवास. मोटार दीड लाख किलोमीटर चालली म्हणजे असे हजार प्रवास झाले. ३ लाख गुणिले हजार, म्हणजे ३० कोटी फेरे! पैशाच्या मजुरीनं ३० लाख रुपये. त्या रकमेत तसल्या दोन-तीन नव्या मोटारी दारात उभ्या राहतील. हे फेरे सेकंदाला एक याप्रमाणे मोजायला बसलात, ना जेवण ना झोप, तर उठाल साडेनऊ वर्षांनी.

शेतातलं उदाहरण हवं? आठ मीटर व्यासाची, बारा मीटर खोल विहीर काठोकाठ भरली तर तिच्यात ६ लाख लिटर पाणी मावतं. पाच हॉर्सपॉवरचं तेल इंजिन सेकंदाला दहा लिटर पाणी उपसतंय असं धरा. विहिरीचा तळ दिसायला एक हजार मिनिटं लागतील. मिनिटाला १,५०० फेरे, म्हणजे एका विहिरीसाठी १५ लाख फेरे! कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि किर्लोस्करांच्या कारखान्यात घडलेल्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या किती विहिरी अशा उपसल्या असतील! त्या प्रत्येक विहिरीमागे १५ लाख.

आता घसरण मोजू. क्रँकशाफ्टचा जो गोल, घासून गुळगुळीत केलेला भाग बेरिंगमध्ये बसतो त्याला जर्नल म्हणतात. हिशोबाला सोपा म्हणून त्याचा व्यास ५० मिलिमीटर घेऊ. परीघ झाला १५७ मिलिमीटर. ३ लाख फेऱ्यांत जर्नलचा पृष्ठभाग बेरिंगवरून ४७ किलोमीटर घसरत जातो. ४७ किलोमीटर म्हणजे सीएसएमटी ते डोंबिवली! आपण रस्त्यानं पुण्याला पोचतो तेव्हा हा पठ्ठ्या जागच्या जागी फिरत डोंबिवली गाठतो. हजार प्रवासांत ४७ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर ४० हजार ७५ किलोमीटर. म्हणजे एका मोटारीच्या आयुष्यात जर्नल पृथ्वीला पूर्ण वेढा घालतं आणि आणखी सात हजार किलोमीटर पुढे सरकतं.

आणि हे सगळं पाठीवर ओझं घेऊन.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा पूर्ण जोरात दाब पन्नास वातावरणांच्या घरात जातो. ७३ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४२ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा. २,१०० किलो! दोन टन! तीन मारुती ८०० एकावर एक रचून पिस्टनच्या डोक्यावर आदळाव्यात, तेवढा दणका. तोही एकदा नाही. दर दुसऱ्या फेऱ्याला एक, म्हणजे मुंबई-पुणे प्रवासात पिस्टनचा दांडा धरणाऱ्या क्रँकच्या प्रत्येक पिनवर दीड लाख दणके. सपाट रस्त्यावर इंजिन पूर्ण जोरात चालत नाही, म्हणून हात राखून निम्माच दणका धरू : एक टन. तरी एका प्रवासात एका पिनवर दीड लाख टन! रिकाम्या रेल्वे डब्याचं वजन साधारण ४० टन, २४ डब्यांची गाडी ९६० टन. म्हणजे दीडशेहून जास्त एक्स्प्रेस गाड्या एकापाठोपाठ एक त्या अंगठ्याएवढ्या रुंदीच्या पिनवर चढून उतरल्या. अशा पिना चार आहेत. सहाशे गाड्या. दोन तासांत!

भडका थांबला तरी सुटका नाही. इंजिन ६,००० फेऱ्यांवर पळत असताना पिस्टन सेकंदात शंभर वेळा वरच्या टोकाला जाऊन उलटा फिरतो. पाव किलोचा पिस्टन त्या वळणावर क्रँकला साडेचारशे किलोंच्या जोरानं ओढतो. एक भरलेला खिल्लार बैल सेकंदाला शंभर हिसके देतोय, असं समजा.

या सगळ्या ओझ्याखाली पोलाद आणि बेरिंग यांच्या मध्ये काय असतं? तेल. फक्त तेल. पावसाळ्यात भरधाव गाडीचा टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्ता सोडून देतो ना, तसं जर्नल तेलावर चढून तरंगतं. लोखंडाला लोखंड लागतच नाही, लागता कामाच नये. पिनचं ओझं पेलणारी जागा ८ चौरस सेंटिमीटर धरली, तर तेलावर दर चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलोंहून जास्त भार येतो. आपल्या टायरमध्ये असतो त्याच्या शंभराहून अधिक पट दाब. समुद्रात अडीच किलोमीटर खोल गेल्यावर जेवढा, तेवढा! आणि हे तेल आहे किती? इंजिनात जेमतेम साडेतीन लिटर. पंप मिनिटाला वीस लिटर फिरवतो असं धरलं तर मुंबईहून पुण्याला जाईतो २,४०० लिटर तेल पंपातून जातं, तेच तेल जवळपास सातशे वेळा. हजार प्रवासांत २४ लाख लिटर. मघाच्यासारख्या चार विहिरी, काठोकाठ, तेलानं भरलेल्या!

आणि या तेलाचा थर किती जाड? जागा ठेवलेली असते एका बाजूला २५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. दणका बसला की थर चेपतो आणि सर्वांत अरुंद जागी उरतो एक-दोन मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग! तीन मारुती ८०० आणि सर्वनाश यांच्यामध्ये उभा आहे एक मायक्रॉन तेल.

एक मायक्रॉन म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येत नाही ना? येणारच नाही. म्हणून आता जर्नल मोठं करू. ५० मिलिमीटरचं जर्नल फुगवत, फुगवत, फुगवत नेऊ, इतकं की त्याचं एक टोक मुंबईला आणि दुसरं पुण्याला टेकेल. रस्त्याचंच अंतर धरू : दीडशे किलोमीटर व्यासाचा पोलादी ढोल! वाढ झाली ३० लाख पट. आता याच नकाशावर सगळं मोजू.

एक मायक्रॉनचा तेलाचा थर झाला ३ मीटर. घराच्या एका मजल्याएवढा. मुंबई ते पुणे पसरलेला अजस्र ढोल एका मजल्याच्या उंचीएवढ्या तेलावर तरंगतोय!

चांगल्या पॉलिश केलेल्या जर्नलचा खडबडीतपणा ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो. नकाशावर ३० सेंटिमीटर. मुंबईपासून पुण्यापर्यंत डोंगर नाही, दरी नाही, टेकाड नाही, फक्त फूटभर उंचीचे चढउतार. खंडाळ्याचा घाट नाहीच. कारण लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटर उंच, आणि आपल्या नकाशावर तेवढ्या उंचीला लागतील दोनशे मायक्रॉनहून जास्त. जर्नलवर ०.२ मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे अख्खा घाट उभा राहिला!

आता आणा ती रेघ. तिची खोली समजा ५ मायक्रॉन. नकाशावर झाली १५ मीटर. म्हणजे एक विहीर. मघाच्या आपल्या विहिरीपेक्षा थोडी खोल, इतकंच. दीडशे किलोमीटरच्या मैदानात विहिरीएवढ्या खोलीचा एक चर. त्यात तेल भरून राहील आणि ढोल वरून निघून जाईल. अशा बारीक, गोलाकार, नखाला न अडणाऱ्या रेघा धुळीच्या कणांनी जवळपास प्रत्येक चाललेल्या इंजिनात उमटतात. जाणता मिस्त्री त्यांच्यासाठी क्रँक ग्राइंडिंगला पाठवत नाही. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून पट्टीसारखा गुंडाळतो, फिरवतो, पुसतो, मायक्रोमीटर लावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

रेघ २५ मायक्रॉनची असेल तर? हे वर्कशॉपमधलं ‘एक थाऊ’, इंचाचा हजारावा भाग. नकाशावर ७५ मीटर. ताजमहालाची उंची ७३ मीटर! त्या चरात ताजमहाल कळसासकट बुडेल. तीन मीटर तेलाच्या थराला अशी दरी लागली की दाब त्या वाटेनं निसटतो. इथे नख ठळक अडतं आणि इथे क्रँक ग्राइंडिंगला जातो. आणि गंजाचा खड्डा अर्ध्या मिलिमीटरचा पडला असेल तर? दीड किलोमीटर खोली! त्यात कळसूबाई उभं केलं, तर शिखराचा अखेरचा दीडशे मीटरचा तुकडा तेवढा बाहेर उरेल.

ग्राइंडिंगचाही हिशोब याच नकाशावर मांडू. ‘दहा थाऊ मारला’ म्हणजे व्यास पाव मिलिमीटर कमी झाला, प्रत्येक बाजूनं १२५ मायक्रॉन. नकाशावर मुंबई ते पुणे सगळी जमीन पावणेचारशे मीटर खरवडून सपाट केली! मग तेवढ्यानं जास्त जाड बेरिंग शेल घालायच्या आणि पुन्हा तो एक मजला तेल मोकळा सोडायचा.

आता खरी गंमत. खड्ड्याला तेल पोटात घेतं, भिंतीला घेत नाही. पाना हातातून सुटला, जर्नलवर टोचा बसला आणि टोच्याच्या काठाला धातू जरा वर आला, तर ती कोर दोन मायक्रॉनची असली तरी नकाशावर ६ मीटरची भिंत झाली. तेल ३ मीटर, भिंत ६ मीटर! ती भिंत दर फेऱ्याला मऊ बेरिंगवरून फिरणार, मुंबई-पुण्यात ३ लाख वेळा, आयुष्यात ३० कोटी वेळा. म्हणून जाणता माणूस आधी खोली बघत नाही, आधी काठ बघतो. वर आलेली कोर बारीक दगडानं बसवली की तोच टोचा निरुपद्रवी होऊ शकतो. दोन मायक्रॉन इकडचे तिकडे, निकाल उलटा!

रेघेची दिशाही अशीच निकाल फिरवते. जर्नलभोवती गोल गेलेली रेघ फिरण्याच्या दिशेनं पळते, बेरिंग तिच्याशी जुळवून घेतं. पण तीच रेघ आडवी, जर्नलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली असेल तर ती दर फेऱ्याला किसणीच्या पात्यासारखी बेरिंगच्या अख्ख्या रुंदीवरून जाते आणि तेलाचा दाब दोन्ही बाजूंना सोडून देते. खोली तीच, लांबी तीच, फक्त काटकोनात वळली, आणि ३ लाख फेऱ्यांचे झाले ३ लाख वार!

हे सगळं बघायचं कशानं? इथे आणखी एक आश्चर्य दडलंय. स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की माणसाचं बोट पृष्ठभागावरून फिरवलं असता अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या ओळखू शकतं. १३ नॅनोमीटर! मायक्रॉनचा सत्त्याहत्तरावा हिस्सा! आपल्या नकाशावर मांडा : ४ सेंटिमीटर. मुंबईपासून पुण्यापर्यंतच्या मैदानावर महाकाय हात फिरतोय आणि त्याला लिंबाएवढा उंचवटा लागतोय! हे यंत्र प्रत्येकाच्या हाताला जन्मतः जोडलेलं आहे, दहा-दहा नग. गॅरेजमधला उस्ताद डोळे मिटून जर्नलवरून नख फिरवतो तेव्हा त्याला जुनाट, अडाणी रीत समजू नका. तो जगातल्या अतिसूक्ष्म मोजणीच्या साधनांपैकी एक वापरतोय. पुढे मायक्रोमीटर लावायचाच, दोन ठिकाणी, काटकोनात, जर्नल लंबगोल झालंय का, एका बाजूला निमुळतं झालंय का हे पाहायला. पण पहिला निकाल बोट देतं.

आता जागा. आणि इथून आकडे खऱ्या अर्थानं उसळतात.

क्रँकच्या वजनी पाळ्यावर, जिथे घडाईचे खवले तसेच दिसतात, तिथे हातोड्याची खूण असली तर बहुतेकदा काही बिघडत नाही. मागच्या ऑइल सीलच्या जागी रेघ असेल तर इंजिन मोडणार नाही, पण तेल गळेल. परंतु जर्नल संपून क्रँकची उभी बाजू, म्हणजे गाल, सुरू होतो, त्या कोपऱ्यात एक छोटी गोलाई असते. तिला फिलेट म्हणतात. दोन टनांचा दणका क्रँकला वाकवू बघतो तेव्हा सगळा ताण धावत येऊन या कोपऱ्यात गोळा होतो. तेलाच्या भोकाच्या कडेलाही तसाच. तिथली रेघ ही रेघ राहतच नाही, ती भेगेची सुरुवात होऊ शकते.

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि भीषण अपघात झाला. पोलाद, लोखंड वारंवार वाकून थकतं, हे कोडं त्या काळातल्या रेल्वे अभियंत्यांना छळत होतं. ते मोजून सोडवलं ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं. त्यानं १८५० आणि १८६०च्या दशकांत आस फिरवून, वाकवून, मोडेपर्यंत चालवून पाहिले. निघालं असं, की ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद थकत नाही. आजचे अभियंते ढोबळ कसोटी लावतात एक कोटी वेळांची. एक कोटी ताण सोसले की पुढेही सोसणार. एक कोटी! ऐकायला केवढं वाटतं! आपला क्रँक ते फेरे ६७ तासांत उरकतो, तेहतीस मुंबई-पुणे प्रवासांत, आणि मोटारीच्या आयुष्यात अशा कसोट्या तीस वेळा पार करतो.

हे बळ त्याला घडाईतून येतं. पुण्याच्या मुंढव्यातला भारत फोर्जचा कारखाना जगभरच्या वाहनांसाठी क्रँकशाफ्ट घडवतो, आणि तिथे लाल तापलेल्या पोलादावर १६ हजार टनांचा जोर लावणारे प्रेस चालतात. १६ हजार टन! २४ डब्यांच्या सोळा एक्स्प्रेस गाड्या एकावर एक रचून एका तापल्या लोखंडावर ठेवा, तरी थोडं वजन कमीच पडेल.

आणि एवढ्या बळाच्या वस्तूला एक रेघ भारी पडते? पडते. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली गणितानं दाखवलं, की खाचेचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथला ताण वाढतो. त्यांच्या सूत्रात घाला : रेघ १०० मायक्रॉन खोल, टोकाची गोलाई ४ मायक्रॉन. उत्तर येतं ११ पट ताण! तीच रेघ, तीच खोली, पण टोक घासून १०० मायक्रॉनच्या गोलाईचं केलं, तर ३ पट. खोली कणभर कमी झाली नाही आणि अकराचे तीन झाले. प्रत्यक्षात पोलाद बारीक खाचेला सूत्राएवढं घाबरत नाही, हे खरं. म्हणून अकरा सोडा, तीनही सोडा. ताण फक्त दुप्पट झाला असं समजू.

आता श्वास धरा. थकव्याच्या हिशोबात ताणाला मोठा घातांक बसतो. तो प्रत्येक पोलादाला वेगळा असतो, आपण दहा घेऊ. ताण दुप्पट म्हणजे दोनाचा दहावा घात : १,०२४. आयुष्य हजार पटींहून जास्त घटलं! क्रँक तीस कोटी फेऱ्यांच्या अगदी काठावर बेतलेला असता, तर उरले किती? ३ लाखांहूनही जरा कमी. ३ लाख, म्हणजे एकच मुंबई-पुणे प्रवास! हजार प्रवासांचा दांडा एका प्रवासात संपला, पुण्याच्या वेशीवर! आपले क्रँक असे मोडत नाहीत, कारण ते घडवणारे भरपूर राखीव ताकद ठेवतात. पण फिलेटमधली रेघ नेमकी त्या राखीव ताकदीवरच हात मारते. म्हणून तिथे शंका आली की चुंबकी कण टाकून भेग तपासायची, आणि भेग निघाली तर पॉलिश नाही, ग्राइंडिंग नाही, क्रँक थेट भंगारात. जर्नल तापून निळं पडलं असेल तरी तसंच सावध व्हायचं. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास भाजलं, तिथला कडकपणा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मोटार पुरे. आता समुद्रावर चला.

२००६ साली ‘एमा मर्स्क’ हे मालवाहू जहाज समुद्रात उतरलं. त्याचं इंजिन १४ सिलिंडरचं, उंची साडेतेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारत, वजन २,३०० टन. नुसता क्रँकशाफ्ट ३०० टनांचा! रेल्वेचे साडेसात डबे वितळवून एक दांडा घडवावा, तेवढा. सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर. ताकद सुमारे १ लाख ९ हजार हॉर्सपॉवर! वाराणसीत घडलेली, आपल्या रेल्वेची २,६०० हॉर्सपॉवरची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं बेचाळीस एकत्र जोडली तर कुठे बरोबरी होईल. शेतातली पाच हॉर्सपॉवरची इंजिनं लागतील एकवीस हजारांहून जास्त. ती सगळी एका विहिरीवर लावली, तर जी विहीर एका इंजिनाला हजार मिनिटं पुरली, तिचा तळ दिसेल पावणेतीन सेकंदांत!

या इंजिनाच्या एका पिस्टनवर भडक्याचा दाब १४० वातावरणांच्या आसपास धरला, तर जोर येतो एक हजार टन. २४ डब्यांची अख्खी एक्स्प्रेस गाडी! एका दणक्यात! आणि हे दोन-स्ट्रोकचं इंजिन, म्हणजे दर फेऱ्याला दणका. मिनिटाला १०२ फेरे, १४ सिलिंडर : मिनिटाला १,४२८ दणके, १,४२८ गाड्या! मुंबईची पश्चिम रेल्वे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत मिळून ज्या साधारण चौदाशे लोकल सोडते, तेवढ्या गाड्या या क्रँकवर एका मिनिटात आदळतात. दुसऱ्या मिनिटात पुन्हा तेवढ्या. तिसऱ्या मिनिटात पुन्हा! वर्षाचे अडीचशे दिवस पूर्ण वेगानं चालला, तर आठ वर्षांत याचेही होतात जवळपास तीसच कोटी फेरे. आणि मध्ये काय? तिथेही तेलच, केसाच्याच मापातलं!

म्हणून क्रँकवर रेघ दिसली की तिची लांबी बघून घाबरू नका आणि बारीकपणा बघून निश्चिंतही होऊ नका. बोट फिरवा : काठ वर आलाय का? दिशा बघा : गोल की आडवी? जागा बघा : जर्नलच्या मधोमध, तेलाच्या भोकाशी, की फिलेटमध्ये? शंका राहिली तर मायक्रोमीटर आणि भेगतपासणी. मग जे उत्तर येईल त्याला ३० कोटींनी गुणा. मधोमध, गोल, नखाला न अडणारी रेघ ३० कोटींनी गुणली तरी शून्यच राहते : खुशाल बसवा, पुण्याला हजार वेळा जा. फिलेटमधली रेघ गुणली की डोंगर होतो : एक फेरासुद्धा फिरवू नका!